‘भात बंद, त मंग खाऊ का?’ : डाएटवरचं संशोधन कसं वाचायचं

पेटच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींचे सिनॉप्सिस वाचायला मिळतात, तेव्हा त्यात एक विषय हमखास असतो : ‘दोन वेळा जेवणाच्या आहारपद्धतीचा वजनावर व रक्तशर्करेवर होणारा परिणाम’. कधी त्यात ‘विशेष संदर्भ : अमुक तालुका’ जोडलेलं असतं. विषय चांगलाच आहे. पण त्यातला सगळ्यात अवघड प्रश्न बहुतेक आराखड्यांत नसतो. माणसं ते डाएट पाळतात का? किती दिवस? आणि सोडतात तेव्हा नेमकं कशामुळे सोडतात? आजच्या लेखात आपण एवढंच बघणार आहोत.

मी चिचगडचा. देवरी तालुक्यातलं, जंगलाला लागून असलेलं धानाचं गाव. आमच्याकडे जेवण म्हणजे भात, बाकी सगळं भाताबरोबरचं. एखाद्याची शुगर निघाली, की तपासणाऱ्याकडून पहिला सल्ला मिळतो, ‘वजन उतरवा, भात बंद करा.’ बाहेर येऊन माणूस सोबतच्याला विचारतो, ‘भात बंद, त मंग खाऊ का?’ (झाडीबोलीत ‘का’ म्हणजे ‘काय’.) ऐकणारे हसतात. मला मात्र हा प्रश्न निम्म्या सिनॉप्सिसांपेक्षा जास्त नेमका वाटतो, कारण डाएट टिकणार की नाही हे त्याच्या उत्तरावर ठरतं.

दीक्षित की दिवेकर?

महाराष्ट्रात काही वर्षांपूर्वी लग्नाच्या पंगतीतसुद्धा हा वाद रंगायचा. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं म्हणणं थोडक्यात असं : कडकडून भूक लागण्याच्या दोन वेळा ओळखा, फक्त त्या दोन वेळा जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. खाल्लं की इन्सुलिन स्रवतं, म्हणून खाण्याच्या वेळाच कमी करायच्या, हा त्यामागचा तर्क. मूळ प्रेरणा ते डॉ. श्रीकांत जिचकारांची सांगतात. जिचकार म्हणजे काटोलचे, आपल्या विदर्भातलेच. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर : थोड्या थोड्या वेळाने खा, घरचं खा, आपल्या भागात पिकतं ते खा, भात-तुपाला घाबरू नका.

दोन्हीकडे बरं वाटलेल्या माणसांच्या कहाण्या भरपूर आहेत. पण ‘माझं दहा किलो उतरलं’ ही माहिती असली तरी तो पुरावा होत नाही. सांगणारा माणूस टिकलेला असतो. सोडून दिलेला माणूस व्हॉट्सॲपवर फोटो टाकत नाही. आणि वजन कधी नव्हे इतकं वाढलेलं असतानाच माणूस डाएट सुरू करतो, त्यामुळे काहीही केलं तरी पुढचं माप थोडं खाली येण्याची शक्यता असतेच. सरासरीकडे परत येणं हे संख्याशास्त्राच्या पेपरात वाचलं असेल, ते इथं दिसतं.

मग नियंत्रण गट ठेवून केलेले प्रयोग काय सांगतात? ‘दोन वेळा’ या मुद्द्याच्या सगळ्यात जवळचा प्रयोग प्रागचा आहे, २०१४ चा. टाइप २ मधुमेहाच्या ५४ रुग्णांना आलटून पालटून १२-१२ आठवडे दोन पद्धतींवर ठेवलं : एकदा सहा छोटी जेवणं, एकदा दोन मोठी. दोन्हीकडे उष्मांक सारखेच, रोजच्या गरजेपेक्षा ५०० किलोकॅलरींनी कमी. दोन जेवणांत सरासरी ३.७ किलो उतरले, सहांमध्ये २.३. दीक्षितांच्या बाजूचे खूश होतील, पण थांबा. त्या प्रयोगातली दोन जेवणं म्हणजे सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण होतं. रात्री काही नाही. आपल्याकडे दोन वेळा म्हणजे बहुतेकांचं दुपारी आणि रात्री. शेतावरून, दुकानातून, शाळेतून सगळे घरी येतात तेव्हाचं एकत्र जेवण सोडायला कोण तयार होणार? म्हणजे निष्कर्ष आपल्या गावाला जसाच्या तसा लागू होत नाही. सिनॉप्सिसमध्ये या पेपरचा आधार घेतलात, तर एवढं एक वाक्य जरूर लिहा. समिती तेच विचारते.

खाण्याची वेळ आठ तासांत बसवण्यावरचे दोन मोठे प्रयोग याहून थंड आहेत. अमेरिकेत ११६ जणांवर १२ आठवडे झालेल्या प्रयोगात (२०२०) आठ तासवाल्यांचं ०.९४ किलो उतरलं, तीन वेळा जेवणाऱ्यांचं ०.६८. चीनमधल्या ग्वांगझू इथं १३९ जणांवर वर्षभर झालेल्या प्रयोगात (२०२२) दोन्ही गटांचे उष्मांक कमी केले होते, एका गटाला शिवाय सकाळी ८ ते दुपारी ४ हेच बंधन. तिथं ८.० आणि ६.३ किलो. दोन्ही प्रयोगांत गटांमधला फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठरण्याइतका नव्हता. आहार कमी-चरबी की कमी-कर्बोदक, या भांडणाचंही तसंच. स्टॅनफर्डच्या ६०९ जणांच्या प्रयोगात (२०१८) वर्षाअखेर ५.३ आणि ६.० किलो.

मग सगळी डाएटं सारखीच का? तसं नाही. पण फरक कुठं पडतो ते बघायला एक जुना पेपर नीट वाचावा लागेल.

गळालेली माणसं

२००५ साली बोस्टनच्या डॅन्सिंजर आणि सहकाऱ्यांनी १६० जणांना चार गाजलेल्या डाएटांमध्ये चिठ्ठी टाकल्यासारखं वाटून दिलं, प्रत्येकी ४०. ॲटकिन्स, झोन, वेट वॉचर्स आणि ऑर्निश. वर्षभराने किती उरले? ॲटकिन्समध्ये २१, झोनमध्ये २६, वेट वॉचर्समध्ये २६, ऑर्निशमध्ये २०.

आता ऑर्निशचाच गट घ्या. टिकलेल्या २० जणांचं सरासरी ६.६ किलो वजन उतरलं. गळालेल्या २० जणांचं काय लिहायचं? संशोधकांनी मानलं की ते सुरुवातीच्याच वजनावर आहेत, म्हणजे उतरलेलं वजन शून्य. मग ४० जणांची सरासरी ३.३ किलो. प्रयोग तोच, माणसं तीच, पण एका जाहिरातीत ६.६ छापता येतं आणि दुसऱ्या कुणाला प्रामाणिकपणे ३.३ म्हणता येतं. कागद-पेन घेऊन ॲटकिन्सचा हिशेब तुम्ही करून बघा : टिकलेल्यांचे ३.९, सगळ्यांचे २.१.

जेवढ्यांना गटात टाकलं तेवढ्या सगळ्यांना शेवटपर्यंत मोजायचं, या पद्धतीला ‘उपचाराच्या हेतूनुसार विश्लेषण’ म्हणतात. नेट-सेटला याची व्याख्या विचारतात, पण ती का हवी हे या चार आकड्यांत जास्त लवकर समजतं. याच पेपरात अजून एक गोष्ट आहे. कोणतं डाएट, याचा उतरलेल्या वजनाशी सहसंबंध ०.०७, जवळपास नाहीच. सांगितलेलं किती पाळलं, याचा सहसंबंध ०.६०.

म्हणून मी म्हणतो, ‘अमुक डाएटचा परिणाम’ हा तुमचा विषय असेल, तर पाळणूक हा चल मोजायलाच लागेल. नाहीतर तुम्ही मोजताय ते डाएटही नाही आणि माणूसही नाही.

इच्छाशक्ती हे उत्तर पुरत नाही

डाएट सुटलं की घरचे म्हणतात, ‘तोंडावर ताबा नाही.’ शोधप्रबंधातसुद्धा ‘प्रतिसादकांमध्ये इच्छाशक्तीचा अभाव आढळला’ असं वाक्य मी वाचलंय. हे वाक्य लिहू नका. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी मिनेसोटात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. ही मुलं स्वतःहून आलेली, तत्त्वासाठी युद्धाला नकार दिलेली. म्हणजे इच्छाशक्तीची कमतरता नव्हती. चोवीस आठवड्यांत त्यांचं वजन जवळपास चौथाईने घटलं. आणि ती काय करू लागली? ताटं चाटणं, पाककृतींची पुस्तकं गोळा करणं, दिवसभर फक्त अन्नाबद्दल बोलणं. चिडचिड, उदासी.

आता कुणी म्हणेल, ती तर उपासमार होती. ठीक. मेलबर्नचा २०११ चा अभ्यास घ्या. ५० जाड व्यक्तींना दहा आठवडे फार कमी उष्मांकांवर ठेवलं, सरासरी साडेतेरा किलो उतरले. वर्षभरानंतर तपासलं तेव्हाही भूक वाढवणारं घ्रेलिन चढलेलंच होतं, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन उतरलेलंच होतं, आणि भूक आधीपेक्षा जास्त लागत होती. साडेपाच किलो परतही आले होते. शरीर जुन्या वजनाकडे ओढत राहतं. ही ओढ कमी करता येत नसेल, तर ताटाची आणि घराची मांडणी अशी हवी की ओढीला रोज तोंड द्यावं लागू नये. डाएट निभावणं म्हणजे मुख्यतः हे.

चिचगडचं ताट

आता भाताकडे येऊ. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ३५० किलोकॅलरी आणि सात-आठ ग्रॅम प्रथिनं असतात. अन्नसुरक्षा कायद्यातल्या प्राधान्य गटाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. रोजचं साधारण १६५ ग्रॅम, म्हणजे ५८० किलोकॅलरींच्या आसपास. वर घरचं धान असतंच. भात बंद म्हटल्यावर ही फुकटातली किंवा घरची ऊर्जा काढून तिथं विकतचं काहीतरी ठेवायला सांगताय : अंडी, पनीर, तूर, भाज्या. पावसाळ्यात, धान विकायच्या आधी, हातात पैसा नसताना. डाएटचा तक्ता देणाऱ्याने हा हिशेब केलेला नसतो. तो तुम्ही करा, तुमच्या प्रश्नावलीत ‘महिन्याला वाढलेला खर्च’ हा रकाना ठेवा.

आणि इथं एक धोका आहे, जो पुण्या-मुंबईत बसून सुचणार नाही. ‘भात कमी, डाळ जास्त’ म्हटल्यावर तूर महाग असलेल्या घरात कोणती डाळ वाढेल? धानाच्या बांधीत निघालेली लाखोळी. लाखोळी अधूनमधून, इतर डाळींबरोबर खाल्ली तर बिघडत नाही. पण ती महिनोन्‌महिने जेवणाचा मोठा भाग झाली, तर तिच्यातल्या ओडॅप या द्रव्यामुळे पायांतली ताकद जाते, आणि ती परत येत नाही. दुष्काळात हेच होत आलं, म्हणून १९६१ पासून तिच्या विक्रीवर बंदी होती. महाराष्ट्राने ती नंतर उठवली. भिजवून, उकळून, पाणी टाकून दिल्याने द्रव्य बरंच कमी होतं, कमी ओडॅपचे वाणही आले आहेत. तरी आहार-अभ्यासात ‘डाळ’ असा एकच रकाना करणाऱ्याने या भागात कामच करू नये, असं माझं मत आहे. कोणती डाळ, किती, हे विचारायचं.

मग खाऊ का? भात पूर्ण काढून टाकण्याऐवजी त्याची जागा आणि माप बदलणं जास्त टिकेल असं मला वाटतं, आणि त्याला थोडा आधारही आहे. न्यूयॉर्कमध्ये २०१५ साली ११ मधुमेही लोकांना तेच जेवण दोन क्रमांनी दिलं. भाज्या-प्रथिनं आधी आणि कर्बोदकं शेवटी खाल्ली, तेव्हा तासाभरानंतरची साखर सुमारे ३७ टक्क्यांनी कमी निघाली. अकराच माणसं, तीही एका जेवणापुरती. यावरून कुणाला सल्ला देऊ नका. पण बघा, यात विकत काही आणावं लागत नाही. आधी भाजी, पोपटाच्या शेंगा, वरण वाटीने पिणं, आणि मग भात, तोही ताटात ढीग न करता वाटीने मोजून. आमच्याकडे भातावर वरण ओतून पहिला घास घेतात, त्यामुळे क्रम बदलणं ऐकायला सोपं असलं तरी हाताला अवघड आहे. वरण-भात वेगळा करायला माणूस तयार होतो का, आणि सहा महिन्यांनी तो तसाच जेवतो का, यावर एखादीने अभ्यास केला तर मी पहिला वाचक.

एक गोष्ट राहायला नको. स्वयंपाक एकच असतो आणि तो करणारी बाई सगळ्यात शेवटी जेवते. डाएट नवऱ्याचं असेल, तर त्याची भाजी-अंडी वेगळी होते आणि तिच्या वाट्याला उरलेला भात जातो. डाएट तिचं असेल, तर तिच्यासाठी वेगळी चूल पेटत नाही. घर हे एकक धरून मोजलं नाही, तर एकाची सुधारलेली शुगर दिसेल आणि दुसरीचं बिघडलेलं ताट दिसणार नाही.

मोजायचं कशानं?

काल काय खाल्लं हे विचारून लिहायची पद्धत स्वस्त आहे, म्हणून सगळे वापरतात. न्यूयॉर्कच्या १९९२ च्या एका अभ्यासात, ‘मी कमीच खातो तरी वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्या दहा जणांचं खाणं प्रत्यक्ष मोजलं, तेव्हा त्यांनी ते ४७ टक्क्यांनी कमी सांगितलेलं निघालं. खोटं बोलत होते असं नाही, माणसाची आठवण तशीच असते. निदान घरातली वाटी-डाव आधी मोजून घ्या, आणि तांदूळ शिजायच्या आधी पातेल्यात किती पडला ते बघा.

वजनाचंही तेच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ साली लॅन्सेटमध्ये आला. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरातली चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. बारीक दिसणारा माणूसही आतून जाड असू शकतो, म्हणून काट्याबरोबर मोजपट्टी न्या : कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर, बायकांची ८० सेंटिमीटर ही आपल्याकडची धोक्याची रेषा.

पण चिचगडसारख्या ठिकाणी माझी सगळ्यात मोठी काळजी एचबीए१सी या तपासणीची आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर म्हणून जवळपास प्रत्येक डाएट-अभ्यास हीच तपासणी वापरतो, दीक्षितांच्या पद्धतीतही ती करायला सांगतात. तिचा आधार असा की लाल रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळात तिच्यातल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत जाते. पूर्व विदर्भ हा सिकलसेलचा पट्टा आहे. सिकलसेलच्या रुग्णाची पेशी दहा-वीस दिवसांतच मोडते. साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. नुसते वाहक असणाऱ्यांतही, २०१७ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, रक्तातली साखर सारखी असूनही एचबीए१सी सुमारे ०.३ ने कमी दिसला होता. मधुमेहाची रेषा ६.५ ची आहे. ६.३ आलेला वाहक रेषेच्या कोणत्या बाजूला आहे, सांगा. उलट, लोहाच्या कमतरतेत हा आकडा वाढलेलाही दिसू शकतो, आणि ती तर घरोघरी आहे.

म्हणजे ‘डाएटने एचबीए१सी ७.१ वरून ६.४ वर आला’ हे वाक्य या भागात लिहिण्याआधी त्या माणसाचा सिकलसेल तपासणीचा निकाल आणि हिमोग्लोबिन हाताशी पाहिजे. सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात होते, २०२३ पासून तर देशपातळीवर मोहीमच सुरू आहे. अशांसाठी उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर घ्या, किंवा गाइडशी बोलून फ्रुक्टोसामाइन.

सिकलसेलच्या रुग्णाला लांब उपास, पाणी कमी पडणं यानेच वेदनेचा झटका येऊ शकतो, म्हणून अशी व्यक्ती दोन वेळा जेवणाच्या गटात घ्यायचीच नाही. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने जेवण गाळलं, तर साखर धोक्याइतकी खाली जाते. त्यांचा डोस बदलण्याचं काम डॉक्टरचं आहे, तुमचं-माझं नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, मुळातच कमी वजनाची माणसं, हे सगळे वगळण्याच्या निकषांत नावानिशी लिहा. नैतिकता समितीची मंजुरी आणि सीटीआरआयवरची नोंदणी पहिला माणूस गटात घेण्याआधी झालेली असावी.

आता कालावधी. सिनॉप्सिसमध्ये ‘तीन महिने’ लिहायची पद्धत पडली आहे, बहुतेक प्रोजेक्ट संपवायच्या घाईने. आमच्याकडे मोहफुलं वेचायचे दिवस मार्च-एप्रिलचे, तेंदूपत्ता मेमध्ये, रोवणी जुलै-ऑगस्टची, धान कापणी दिवाळीच्या आगेमागे. रोवणीत दिवसभर चिखलात वाकून काम करणाऱ्या बाईचं वजन कोणत्याही डाएटशिवाय उतरतं, आणि कापणीनंतर घरात नवा तांदूळ आला की चढतं. मेमध्ये सुरू करून ऑगस्टात संपवलेला अभ्यास रोवणी मोजेल, डाएट नाही. नियंत्रण गट त्याच गावातला, त्याच कामाचा घ्या, दोन्ही गट एकाच आठवड्यात सुरू करा आणि वर्ष पूर्ण होऊ द्या. गळालेल्यांच्या घरी शेवटचं माप घ्यायला स्वतः जा. ‘का सोडलं?’ हा प्रश्न त्यांना विचारा, आणि उत्तर त्यांच्याच बोलीत उतरवून घ्या.